चौथी नळी

"भाऊ, नावं झाका," असं मॅडम म्हणायच्या आणि माझ्याकडे पाठ करून खिडकीशी उभ्या राहायच्या. एवढी शिकलेली बाई, पण माझं नळ्यांवर चिठ्ठ्या डकवून होईपर्यंत लपाछपीत राज्य आलेल्या पोरीसारखी उभी. मला हसू यायचं. तुम्हालाही आलं असतं.

अमरावतीच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक. मॅडम अकोल्याच्या. इथे भाड्याच्या खोलीत एकट्या राहायच्या आणि स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर काम करायच्या. अंगातली पेशी बिघडली की ती आपणहून मरते म्हणे. या कॅन्सरच्या पेशी मात्र मरायचं नावच घेत नाहीत, एका औषधाला तर दादच देत नाहीत. म्हणून मॅडम दोन औषधं जोडीनं देऊन बघत होत्या. दोन कशाला, असं एकदा विचारलं तर म्हणाल्या, "आतून कडी लावून बसल्या हायेत ह्या, भाऊ. एकानं कडी काढाची, दुसऱ्यानं आत जाची."

नळ्या चार असत. पहिली बिनऔषधाची, दोन एकेका औषधाच्या आणि चौथी जोडीची. त्यात निळा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. मेलेली पेशी निळी होते, जिवंत होत नाही. कोणती नळी कोणती हे मोजणाऱ्याला कळू नये म्हणून मी खरी नावं झाकून वर क, ख, ग, घ लिहायचो. "मले त्या मेलेल्याच पाह्यजे ना," त्या म्हणत, "मंग माह्या डोयावर भरवसा कसा ठेवू?"

पाहिजे होत्या, कारण अकोल्याला त्यांच्या ताईला हाच आजार होता आणि औषधं लागू पडेनाशी झाली होती. आईबाप लवकर गेलेले, ताईंनीच यांना वाढवलेलं. इथलं औषध ताईंपर्यंत पोचणार नाही, याला लई वर्षं लागतात, हे मॅडमनाच सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. तरी डबा खायचंसुद्धा त्यांना भान नसायचं.

आता माझी चूक सांगतो. घ हे अक्षर मी दर वेळी जोडीच्याच नळीला द्यायचो. घ त्या शेवटी मोजायच्या; शेवटचं मोजणं चांगलं निघालं की बाई बऱ्या मनानं घरी जाते, एवढंच मनात होतं. पुढचं डोकं चालवलंच नाही.

एका शुक्रवारी मोजणीची वही चाळताना त्या थांबल्या. "भाऊ, घ म्हंजे नेहमी जोडीच काय?" मी हो म्हटलं, कारणही सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुमी चांगल्यासाठीच केलं. पन मले मनातून ते समजलं होतं. अर्धवट निळी दिसली तरी घ मदे मी मेलेलीच धरली असन." आणि तीन आठवड्यांच्या पानांवर त्यांनी काट मारली. त्याच दुपारी नव्यानं औषध दिलं.

दर शनिवारी त्या बडनेरा स्टेशनावरून गाडी धरून ताईंकडे जायच्या. औषध दिलं की पुढचे दोन दिवस ठरल्या वेळी मोजावंच लागतं, म्हणून त्या शनिवारी गेल्या नाहीत. "ताई, पुढच्या शनिवारी नक्की येते," असं फोनवर म्हणाल्या. रविवारी सकाळी मी नळ्या मांडत होतो, तेव्हा अकोल्याहून शेजारणीचा फोन आला. ताई गेल्या होत्या. मॅडमनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि निघाल्या.

तेरवी करून परत आल्या. तोवर पेशी मी सांभाळल्या होत्या. पुन्हा तीन आठवडे मोजणी चालली. या वेळी मी डबीत चिठ्ठ्या टाकून अक्षरं काढली. शेवटी खरी नावं उघडली, तर जोडीच्या नळीचे आकडे जवळपास जुनेच. त्यांनी काट मारलेली पानं शेजारी ठेवून पाहिली. "आधीचंच बरोबर होतं, भाऊ," म्हणाल्या.

म्हणजे तो शनिवार त्यांना ताईजवळ काढता आला असता.

पुढे त्यांना दूर कुठेतरी नोकरी लागली. जायच्या दिवशी ऑटो फाटकाशी उभा होता आणि त्या परत आत आल्या. "घरात मोठं कोनी राह्यलं नाई," म्हणाल्या आणि वाकून माझ्या पाया पडल्या.