कोणाच्याच घरची नसलेली भाषा

तुमसरच्या तहसील कचेरीसमोर अर्ज लिहिण्यात माझ्या लेखणीस तोड नाही, हे सर्वमान्य आहे. तरीही राईस मिलमध्ये धानाची पोती तोलणारा काटेवाला चहाला आला की लोक माझे टेबल सोडून त्याच्याभोवती जमत. युरोपातील मोठ्या भाषांचे शब्द घेऊन मुद्दाम रचलेली एस्पेरांतो नावाची भाषा तो टपालाने शिकला होता. पोलंडमधील एका शिंप्याची पत्रे तो वाचून दाखवी. तत्पूर्वी बोटांवरचा कोंडा धोतराला पुसून घेई.

"त्या भाषेत तहसीलदारांना अर्ज चालतो काय?" मी एकदा विचारले.

"नाही चालत, बाबूजी. पन हे भाषा कोनाच्याच घरची नाही, म्हनून चुकलं तरी कोनी कोनाले हसत नाही. तुमी सांगा, तुमच्या नावानं त्या शिंप्याले लिहतो."

मी घसा साफ केला. "महोदय, सविनय अर्ज सादर करण्यात येतो की..."

"सायब नाही तो, बाबूजी, दोस्त हाये! कसे आहा तुमी, तेवढं सांगा ना."

मला एकही वाक्य सुचेना. "तूच लिही काहीतरी," मी म्हणालो.

दोन महिन्यांनी पोलंडहून माझ्या नावाचे पाकीट आले. ते वाचण्यासाठी काटेवाल्याकडेच जावे लागेल, म्हणून मी ते अद्याप फोडलेले नाही.