माळेनंतरचा पेला

मोहफुलं वाळायला घातली की तो आंबूस-गोड वास अंगणभर पसरतो आणि मला सिहोऱ्याचा माझा शाळासोबती दिसतो. आणीबाणी उठली त्या साली, सोळाव्या वर्षीच, तो मोहाची दारू पीत होता. आईच्या हट्टावरून बापाने त्याला देवळात नेऊन तुळशीची माळ घातली, कारण माळकरी दारूला शिवत नाही. 'पोरगा सुधरला,' असं गावात घरोघर बोललं जाऊ लागलं. दारू खरोखर सुटली, पण जेवण आणि बोलणंही सुटलं. आई म्हणाली, 'डाक्टरले दाखवू.' बाप खेकसला, 'दारू सुटली ना? मंग आता कायची बीमारी?' एका दुपारी मी गेलो, तर तीच आई भरलेला पेला त्याच्यापुढे धरून बसली होती. 'घे बाबू, पे. पण बोल माझ्यासंग.' पेल्याकडे बघत तो म्हणाला, 'आता यानंही काही होत नाही, माय.' पावसाळ्याआधीच त्याने जीव दिला. आज मी व्यसनमुक्तीच्या सभांमधून ओरडून सांगतो, की पोराची दारू सोडवताना त्याच्या मनावरही औषध करा, दोन्ही एकाच वेळी करा. टाळ्या पडतात, आणि मी खाली बसून समोरच्या पोरांचे डोळे बघत राहतो.