झील

आमचा मेटल बँड पारनेरात कुणाला फारसा झेपला नाही, हे कबूल. पहिल्या अल्बमात आमचा गायक, माझा शाळेपासूनचा दोस्त, पोटातून असा गुरगुरायचा की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला बघायची. मी ड्रम्स बडवायचो, तेव्हा अर्धा दोष माझाही.

दोस्ताचे वडील भीमगीतांच्या गायन पार्टीत जन्मभर झीलकरी. मुख्य गायकानं ओळ सोडली की तिचा शेवट उचलून वर चढवायचा, हे त्यांचं काम. आमचं गाणं त्यांनी एकदाच ऐकलं. म्हणाले, "लई जोर हाय रं पोरांनो. पर सबूदच कळंना, तर झील धरायची कुठं?" पुन्हा ते ऐकायला आले नाहीत. दोस्त हसण्यावारी न्यायचा, पण त्याला ते लागलं होतं.

नव्या अल्बमाच्या वेळी तो म्हणाला, "गुरगुरणं बंद. मोकळ्या गळ्यानं गाणार." गिटारवाला भडकला, "मग भजनी मंडळच काढू की!" मलाही धास्ती होती. होते नव्हते ते चाहतेही जायचे.

रेकॉर्डिंग आमच्या रिकाम्या कांद्याच्या चाळीत होतं. फटींवर आणि दारावर गोधड्या टांगल्या. गिटार संथ सुरू झाली आणि दोस्तानं डोळे मिटले. इतक्या वर्षांत त्याचा खरा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि तो कापत होता.

"माझ्या गावच्या मातीत माझंही नाव पेरा…"

ओळ सोडून तो श्वासाला थांबला. तेवढ्यात गोधडीपलीकडून उंच, धारदार आवाज चढला, "माझंही नाव पेरा!"

माझ्या हातातल्या काठ्या तशाच राहिल्या. एवढाले स्पीकर आम्ही लावले, पण चाळीचे पत्रे असे कधी भरून आले नव्हते. माणसाच्या गळ्यात एवढं मावतं, हे मला खरंच ठाऊक नव्हतं.

गोधडी सारून वडील आत आले. पोराचा डबा द्यायला आले होते. चोरी पकडल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "चुकलं बाबांनो. ओळ सुटली, न्हाई ऱ्हावलं. तुमचं रेकॉर्डिंग नासलं."

गिटारवाल्यानंच माईक उचलून त्यांच्यापुढे लावला. "काका, आता जवळ उभं राहून नासवा."

त्यांनी डबा खाली ठेवला. सवयीनं एक हात कानावर गेला. मग लेकाकडे बघून म्हणाले, "सोड ओळ."