चारशे बारा कार्डं आणि एक रेघ

हातातून खोकं निसटलं आणि चारशे बारा कार्डं फरशीभर पसरली. नारायण पेठेतल्या आमच्या संग्रहालयात मी, मच्छिंद्र, शिपाई. जुन्या संगणकांची धूळ पुसतो. ही भोकं पाडलेली कार्डं म्हणजे चौऱ्याहत्तर सालचा एक प्रोग्रॅम, एका कार्डावर एक ओळ. क्रम चुकला की खेळ खल्लास! आणि ती भोकं पाडणाऱ्या अख्तरबानूबाई संग्रहालयासाठी त्यांची माहिती नोंदवून द्यायला दहा वाजता येणार होत्या.

बाई बुधवार पेठेतल्या. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. टायपिंग शिकून बाई एका संशोधन संस्थेत लागल्या आणि सोळा वर्षं भोकं पाडायच्या यंत्रावर बसल्या. आता सत्तरी उलटलेली, जीभ मात्र तरुण.

त्यांनी ढीग पाहिला. "घाबरताय कशाला? कार्डं पडायचीच. म्हणून तर गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर आम्ही पेन्सिलनं तिरकी रेघ मारायचो. रेघ जुळवली की क्रम जुळतो."

ती रेघ गेल्याच आठवड्यात मी खोडरबरानं पुसली होती, मळ समजून! दीडशहाणा कुठला! नोकरी गेलीच, असं वाटलं. चाचरत सगळं सांगून टाकलं.

बाई म्हणाल्या, "वा! एवढी स्वच्छता रस्त्यावर दाखवली असतीत, तर पुण्याचं भलं झालं असतं."

मग त्या खिडकीपाशी बसून एकेक कार्ड उजेडात धरून वाचायला लागल्या. निम्मा प्रोग्रॅम त्यांनीच दुरुस्त केलेला, म्हणून ओळी आठवत होत्या. सहाव्या दिवशी त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाई उद्या आल्याच नाहीत तर? या धास्तीनं मला जेवण जाईना.

नवव्या दिवशी चारशे अकरा कार्डं क्रमानं लागली. एक उरलं. "बाई, हे कुठलं?"

त्यांनी ते उजेडात धरलं आणि दोनदा वाचलं.

"हे माझं नाव आहे हो. कार्डाच्या पहिल्या खणात 'सी' हे अक्षर पाडलं की संगणक ते कार्ड न वाचता सोडून देतो. प्रोग्रॅमवर नाव संस्थेतल्या आमच्या साहेबांचं. मग माझं मी मध्येच लपवलं. सोळा वर्षं जीव मुठीत धरून होते, साहेबांना दिसलं तर?"

"मग मध्येच ठेवू?"

बाईंनी दाराकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं.

"नको. सगळ्यात वर ठेवा," त्या म्हणाल्या आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. त्यांच्या नावापासून मी रेघ मारायला सुरुवात केली.