टिनाची थापड

अकोल्यात त्या काळी मारामारीचा सिनेमा लागला की टॉकीजचा टांगा गल्लोगल्ली फिरायचा. मागे जाहिरात करणारा माणूस बसलेला असायचा. टिनाचा भोंगा तोंडाला लावून तो ओरडायचा, "पंधरा गुंड, एकटा मर्द! अन् हिरोच्या एका थापडीत हिरोइन सरळ!" थापड म्हणताच तो भोंग्यावर तळवा हाणायचा. अंगाने काडी, पण भोंग्यामागे छाती फुगलेली असायची.

आमच्या मागच्या गल्लीत मात्र तो थापड गाळायचा. गुंडांवरून थेट तिकिटाच्या दरावर यायचा. एकदा मी टांगा थांबवून विचारलंच, "काहून भाऊ, या गल्लीत हिरोइन वाचते कशी?"

तो हसला नाही. "इथं माही बहीण रायते, गुरुजी. तिचा नवरा खेल पाहून आला का घरी तसाच हात चालवते. त्याले काहून आठवन द्यायची?"

"अन् बाकीच्या गल्ल्यांत?"

हा प्रश्न त्याला नवा असावा. त्याने धोतराच्या सोग्याने भोंगा पुसला, आत डोकावून पाहिलं.

"तिथं माही बहीण नाई रायत," तो म्हणाला.

टांगा कोपऱ्यावर वळला. मी कान देऊन उभा राहिलो. टिनावर तळवा पडला. नेहमीपेक्षा हळू पडला की काय, ते मला ठरवता आलं नाही.