म्हाळसाकाकी आणि पडीक माळ

साहेब ‘पडीक’ म्हणाले आणि म्हाळसाकाकीचं डोकं फिरलं. गोष्ट ब्याण्णवच्या उन्हाळ्यातली. अंथुर्णे गावाच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे आणि वाडीच्या पाठीशी दोन माळ, थोरला आणि धाकटा. झाडं लावणाऱ्या खात्याचे साहेब जीपमधून थोरल्या माळावर उतरले, गॉगल सारखा केला आणि हातातल्या नकाशावर टिचकी मारून म्हणाले, "हे सगळं पडीक आहे. इथे झाडं लावू."

"पडीक?" काकी शेजारी उभ्या असलेल्या नागेशला मोठ्यानं म्हणाली. नागेश तिच्या दिराचा मुलगा. नुकताच या कामावर मुकादम झाला होता आणि साहेबांपुढं कुणी तोंड उघडलं की त्याला आपलं काम गेल्यासारखंच वाटायचं. "आरं, दिसभर वसरीवर पालथा पडतोय त्येला पडीक म्हनत्यात. माळ कशानं पडीक? चाळीस घरांची मेंढरं ह्येच्या जिवावर हायती."

नागेशनं तिला डोळ्यांनीच दटावलं. साहेबांनी ऐकलंच नाही. काकीचं कुणी न ऐकणं हा या गोष्टीचा अर्धा भाग आहे. ऐकून भलतंच समजणं हा उरलेला अर्धा, आणि तो जास्त वैताग आणणारा आहे.

काकी तेव्हा पंचावन्नच्या घरात असेल. लग्न होऊन आली तेव्हा घरात दोनशे मेंढरं होती. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड टाकून सगळे कोकणात उतरायचे. पुढं खालच्या रानात ऊस आला, वाटा बंद झाल्या, नवरा गेला, मुलगा मल्हार बारामतीला कारखान्यात लागला. राहिली वीस मेंढरं आणि हे दोन माळ. पवन्याचं गवत कुठल्या उतारावर, मारवेलचं कुठल्या ओघळीला, हरणी कुठं वितात, चंडोल कुठं अंडी घालतो, सगळं तिला ठाऊक. गवत पाणी धरतं म्हणून वाडीच्या विहिरीला शिमग्यापर्यंत पाणी पुरतं, हे ती न विचारताही ज्याला त्याला सांगायची. लोक कंटाळून उठून जायचे.

साहेबांनी वाडीला काय ते स्पष्ट सांगितलं. थोरल्या माळावर पाच वर्षं चराईबंदी. तिथं झाडं जगली तर पुढच्या वर्षी धाकटाही घ्यायचा. नाही जगली तर काम दुसरीकडं. म्हणजे थोरला गेलाच होता, आता धाकट्याचा प्रश्न होता, आणि तोही गेला तर चाळीस घरांना मेंढरं बाजारात नेण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

एवढं असून काकी खड्डे खणायला गेलीच. त्या सालात दुसरं काम कुठं होतं? कुदळीनं पवन्याचे ठोंब उपटताना ती खात्याला शिव्या घालायची, नागेशला घालायची, आणि कुणी उरलं नाही की कुदळीला. शेजारच्या चरात मकसूद टेलरची बायको जरिना असायची. लावायची होती गिरिपुष्पाची झाडं. जरिनानं एक पान खुडून घरी शेळीपुढं धरून पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ती साहेबांनाच म्हणाली, "सायेब, माझी शेळी गिऱ्हाइकाचा सदरा खाती, पन ह्या पाल्याला तोंड लावंना."

"अहो, म्हणून तर लावतोय. जनावरं खात नाहीत, झाड टिकतं," साहेब खूश होऊन म्हणाले.

काकीनं कपाळावर हात मारून घेतला. जनावरांच्या माळावर जनावर खाणार नाही असं झाड, आणि वर त्याचा आनंद!

त्या वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या. अलीकडं पावसानं ताळच सोडला होता. यायचा तेव्हा यायचा नाही आणि दसऱ्याच्या तोंडावर दोन दिवसांत सगळा ओतून मोकळा. पोळ्यापर्यंत थोरल्या माळावर रोपांच्या काड्या झाल्या. नागेशनं वर कळवलं, ‘वाढ समाधानकारक’. काकीला मनातून बरं वाटलं. मेली एकदाची, धाकटा वाचला.

पण उघडा पडलेला माळ तिला बघवेना. एवढ्या चरांची मोकळी माती, त्यावर परतीचा पाऊस कोसळला तर सगळी वाहून विहिरीत येणार. घरामागं गेल्या सालच्या गवताची गंज होती. तिच्या बुडाशी झडलेलं बी काकीनं झाडून घेतलं, ओटीत भरलं आणि जरिनाला घेऊन चार दिवस प्रत्येक चराच्या कडेनं फेकत हिंडली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. रान उघडं दिसलं की तिचा हात गप्प बसत नसे, एवढंच.

परतीचा पाऊस आला आणि नेहमीसारखा आडदांड आला. पण माती थांबली. फेकलेलं बी उगवलं, तुटलेले ठोंबही फुटले, आणि दिवाळीला थोरला माळ गुडघाभर गवतानं भरला. मेलेल्या काड्या त्यात दिसेनाशा झाल्या.

साहेबांची जीप आली. ते खाली उतरलेसुद्धा नाहीत, दारातच उभे राहून म्हणाले, "वा! नव्वद टक्के यश!"

"सायेब," काकी पुढं झाली, "ह्ये गवत हाय. रोपं मेली. ह्ये बगा." तिनं गवतात हात घालून एक वाळकी काडी उपटून दाखवली.

"एखाददुसरं मरतंच."

"एखाददुसरं न्हाय, समदी मेली. गवत आमी टाकलंय. मी आन् ह्या जरिनानं."

साहेब समजूतदारपणे हसले. "बाई, रोपं लावली म्हणून गवत आलं. रोपांनी ओल धरली."

"मेलेल्या रोपांनी?"

"तुम्हाला शास्त्र कळायचं नाही," साहेब म्हणाले आणि नागेशला घेऊन धाकट्या माळावर गेले. संध्याकाळपर्यंत तिथं नव्या चरांच्या खुणा म्हणून पांढऱ्या फक्कीच्या रेघा पडल्या. सोमवारी पुण्याहून मोठे साहेब पाहणीला येणार होते. थोरला पाहायचा, आणि शाबासकी देऊन धाकट्याला मंजुरी.

काकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनंच टाकलेल्या गवतानं मेलेली रोपं झाकली होती. आपल्याच हातानं आपण धाकट्या माळावर धोंडा टाकला, हे कळून ती घरी आली ते जेवलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बंदीचं काटेरी कुंपण बाजूला ओढलं आणि वाडीला हाक दिली, "सोडा गं मेंढरं थोरल्यावर! समदी सोडा!"

नागेश धावत आला. "काकी, बंदी हाय! माझं काम जाईल!"

"तू सांग, काकीनं ऐकलं न्हाय. खरंच हाय त्ये."

पाच दिवस सगळ्या वाडीची मेंढरं थोरल्या माळावर चरत होती. गवत अजून निसवत होतं, बी धरायचं होतं. बी पडायच्या आत चारलं की पुढच्या वर्षाचं गवत आपणच खाल्लं, हे काकीनं आयुष्यभर लोकांना ओरडून सांगितलं होतं. आता तीच मेंढरं पुढं हाकत होती आणि मधूनच पदरानं डोळे पुसत होती. सोमवारी माळ साफ झाला. चरांच्या कडेनं वाळक्या काड्यांच्या रांगा लख्ख दिसत होत्या.

मोठे साहेब उतरले, त्यांनी काड्या पाहिल्या आणि ते जीपवाल्या धाकट्या साहेबांकडं वळले. धाकट्या साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. मेंढरं समोरच होती. "अवैध चराई, सर," ते म्हणाले. "मेंढ्यांनी रोपं खाल्ली."

"खाल्ली?" काकी उसळली. "मेंढरू ह्येला हुंगत बी न्हाय! खाल्लं आसतं तर काडी ऱ्हायली आसती का? सालीला दात लागलाय का बगा! पानी न्हाय मिळालं म्हनून..."

"मेंढ्या कोणी सोडल्या?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"मीच."

"मग संपलं. या गावाचं सहकार्य नाही. पुढचं काम रद्द, धाकटा माळ यादीतून काढा, दुसरं गाव बघा." मग ते नागेशला म्हणाले, "बाईंचा जबाब घ्या. जबाब नसेल तर रोपं कशानं मेली याची चौकशी लावावी लागेल. तोवर धाकट्याचं काम चालू."

 मागं बायकांत कुजबुज झाली, कारण काम रद्द म्हणजे त्यांची मजुरीही गेली. नागेशनं लिहिलं आणि वाचून दाखवलं, "मी म्हाळसा, लिहून देते की माझ्या मेंढ्यांनी सदर क्षेत्रातील सर्व रोपे खाल्ली."

"काकी," जरिना हळूच म्हणाली, "ह्ये खोटं हाय."

"ठावं हाय मला."

काकीनं एकदा धाकट्या माळाकडं पाहिलं. फक्कीच्या रेघांवर मारवेल वाऱ्यानं हलत होती. साहेबांना शेवटपर्यंत काही कळणार नव्हतं, आणि आता तर त्यांना कळावं अशी तिचीही इच्छा राहिली नव्हती.  तिनं शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि कागदावर उठवला.

"आनि त्यात आसं बी लिव्ह," ती नागेशला म्हणाली, "की मुळासकट खाल्ली. पुन्यांदा ह्या गावात लावू नगा."