पिसाखालचं शिसं

ताईकडे पंखा बंद होता, कारण भावोजी जेवणाच्या टेबलावर ट्राउट मासा पकडायला गळावर पिसांचा खोटा किडा बांधत होते आणि वाऱ्याने पिसं उडतात. इवल्याशा गळाला त्यांनी आधी शिशाची तार गुंडाळली, वर तपकिरी दोरा, मग मोरपिसाचा धागा. शिसं पार झाकून गेलं.

"गुडघ्यांमुळे तुम्हाला आता नदीत उतरायचं नाही, मग शिसं कशाला?" भाजी निवडता निवडता ताईने विचारलं.

"त्याशिवाय तो बुडणार कसा? मासा तळाशी असतो."

पिसांचं कौतुक कुणीही करेल. पण जे झाकलंच जाणार, तेही इतकं नेटकं कुणासाठी करायचं? माशाला तर ते कधीच कळत नाही.

भावोजींनी दोरा कापला आणि नेहमीसारखा किडा पाण्याच्या ग्लासात सोडून पाहिला. तो सरळ तळाला गेला. ते वाकून बघत राहिले, नदीत बघावं तसे.

काम संपलं म्हणून ताई पंखा लावायला उठली. बटणापर्यंत हात नेला, ग्लासातल्या स्थिर पाण्याकडे पाहिलं, आणि पदराने वारा घेत परत येऊन बसली.